खाड्यावरचं व्याज

आमच्या मेसच्या भिंतीवर एक पाटी आहे, मालकांच्या हातची. मालक म्हणजे माझा नवरा. ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा. किती दिवसांचा तेही सांगावे. महिन्याच्या वर खाडे झाल्यास नाव कमी केले जाईल.’ खराबवाडीत चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं राहतात, त्यांच्यासाठी लिहिलंय. जेवायला येणार नाही तो दिवस खाडा, त्या दिवसाचे पैसे नाहीत. सात वर्षांत यावरून एकाही पोराशी माझं भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

मेसच्या वहीत पहिलं नाव मालकांचं. बोहनी म्हणून त्यांनीच लिहिलं, ‘मुरारी’, आणि पुढे रोज जेवले की बरोबरची खूण. मी म्हणायचे, “अहो, बायकोच्या हातचं खायला खूण कशाला?” तर म्हणायचे, “नियम म्हंजे नियम.” आणि हसायचे. ते हसणं आठवलं की अजून माझं लाटणं थांबतं.

मग लॉकडाऊन लागलं. चाळीस पोरं जेवत होती, आठवड्यात दोन उरली. एप्रिलात केजजवळच्या आमच्या गावाहून फोन आला, आमचे आबा, म्हणजे सासरे, एकटे पडलेत, चूलसुद्धा पेटत नाही. मालक म्हणाले, “चल, दोघं बी जाऊ. हितं काय राहिलंय?” मी म्हणाले, “गाळा सोडला तर परत मिळायचा नाही. भट्टी, पातेली, फ्रिज, सगळं कर्जावर घेतलंय. मी नाही येणार.” तेवढ्यावर गप्प बसले असते तर मी अनिता कसली! मीच वर म्हणाले, “तुम्हाला निमित्तच पाहिजे होतं. जावा, आबांच्या मागं लपा.” माणसानं पिशवी भरली. भाजीच्या टेम्पोत जागा मिळाली, त्यात बसून गेला. दारात फक्त म्हणाले, “माझे खाडे धर.”

“किती?” मी विचारलं.

ते टेम्पोत चढले. टेम्पो गेला.

मी वहीत रोज खाड्याचा ‘खा’ लिहीत राहिले. महिना उलटला तेव्हा पाटीप्रमाणे नाव कमी करायला हवं होतं. पेन हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं.

त्याच दिवसांत बँकेचा मेसेज आला, कर्जाला मोरेटोरियम मिळेल, हवं असेल तर कळवा. उरलेल्या दोन पोरांतला ज्ञानेश जरा शिकलेला, कंपनीत क्वालिटीला. त्याला विचारलं, “हे काय रे बाबा?” तो तोंडात घास घेऊन म्हणाला, “काकू, हप्त्याचा खाडा समजा.” हात्तिच्या, एवढंच ना! मी लगेच कळवलं. सहा महिन्यांचा खाडा, तोही आधी सांगून. बँकसुद्धा आपल्यासारखीच नियमाची निघाली म्हणून मला केवढं बरं वाटलं.

पुढे ती दोन पोरंही गावी गेली आणि मेस बंदच पडली. सप्टेंबरात कंपन्यांच्या शिफ्ट सुरू झाल्या, पोरं परतायला लागली. “काकू, कधी चालू करताय?” म्हणून दारात यायची. पण गॅस, किराणा, गाळ्याचं थकलेलं भाडं, कशालाच हातात काही नाही. गाळेवाल्यानं दिवाळीपर्यंत मुदत दिली, पुढे दुसऱ्याला देणार म्हणाला. म्हणून ऑक्टोबरात बँकेत गेले, तर काचेमागच्या तनुजा मॅडमनी कागद पुढे सरकवला. कर्ज वाढलेलं!

“मॅडम, खाड्यावर व्याज?” माझा आवाज चढला, रांगेतली माणसं बघायला लागली. “माझ्याकडचा पोरगा आठ दिवस गावाला गेला तर न खाल्लेल्या भाकरीचे पैसे घेते का मी?”

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी तुम्ही त्याची भाकरी थापतच नाही. आमचे पैसे मात्र सहा महिने तुमच्याकडेच होते ना?”

मी कागद उचलला. मग तिनंच सांगितलं, सरकारच्या हमीवर आणखी थोडं कर्ज मिळेल, तारण नको, पहिलं वर्ष नुसतं व्याज भरायचं. मेस उघडायला तेवढं पुरत होतं. “पण पहिलं कर्ज दोघांच्या नावावर आहे. मिस्टरांना सहीला आणा, महिना संपायच्या आत.”

बाहेर पायरीवर बसले. कर्ज हवं होतं हे खरंच. पण मॅडम ‘मिस्टरांना आणा’ म्हणाल्या तेव्हा मी चटकन ‘आणते’ म्हणाले, ते कर्जासाठी नव्हतं. मला माझा माणूस हवा होता, आणि बोलवायला आता कारण मिळालं होतं.

फोन लावला. ‘या’ म्हणायचं होतं, ‘चुकलं माझं’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “सही लागतेय.”

“पोस्टानं कागद पाठीव की.”

“बँक पोस्टानं सही घेत नाही!” म्हणून मी फोन आपटला. मग तासभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

मंगळवारी मालक आले. एसटीतून उतरून थेट बँकेत. वाळलेले, दाढी पिकलेली, हातात बाजरीची पिशवी. सह्या झाल्या. मॅडमनी व्याजाचं समजावलं तर मालक म्हणाले, “खाड्यावर बी व्याज लागतंय व्हय?”

“लागतं,” मीच म्हणाले. “मला विचारा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यांच्याच बाजरीची भाकर थापली, पिठलं केलं. जेवता जेवता त्यांनी वही ओढली. पानं उलटली, ‘खा, खा, खा’, बोटानं मोजत राहिले. “एकशे नव्वद,” म्हणाले. “नाव कापलं न्हाईस?”

“तुमचं नाव मी कापू? तोंड फाटकं आहे माझं, काळीज नाही. चुकलं माझं त्या दिवशी. रोज दोन माणसांचं पीठ मळलं जातं आणि रोज एकाचं उरतं.”

मालक ताटात बघत म्हणाले, “माझं बी चुकलं. तू ‘किती?’ म्हनलीस, अन् मला सांगताच यीना. आबाला टाकून येता यीना, अन् तुला सोडून तिथं ऱ्हाता यीना. काय आकडा सांगू?”

मग स्वतःच पेन घेतलं, त्या दिवसाच्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि म्हणाले, “उद्यापासनं आठ खाडे धर. आबाला घिऊनच येतो.”

संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी आठ मोजत बसले. कर्जाचे पैसे जमा झाले, पोरं जेवायला लागली, ज्ञानेशनं बारा जण आणले. भट्टी पुन्हा पेटली, पण माझं लक्ष दाराकडे. काल आठवा होता. आबांसाठी खाट टाकली, चादर घातली, आणि दुपारी फोन वाजला.

“आबाला घिऊन यायला गाडी उद्या मिळायलीय. आजून एक खाडा वाढव.”

माझं डोकंच फिरलं. “आत्ता सांगता? पाटी कुणी लिहिलीय?”

“आदल्या दिवशीच सांगायलोय की,” पलीकडून हसले. तेच हसणं. सहा महिन्यांनी ऐकलं.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पोरं बघत होती, बघू देत. मी वहीत नववा ‘खा’ लिहिला आणि फोनमध्ये ओरडले, “धरलाय! पण या खाड्यावर व्याज लागणार, सांगून ठेवते.”