चाराचे पाच गिअर

आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी वडिलांच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायला घेतला. गाडी चौसष्ट सालची, लाल, दोन सीटची, बिनछपराची. ओमारूला बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये असायची. गिअर चारच. हायवेवर शंभरला पोचली की इंजिन असं किंचाळायचं की शेजारच्याशी बोलायला घसा फाडावा लागे. तिच्यात जपानी गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवायचं कित्येक वर्षं माझ्या डोक्यात होतं.

"आत्ताच?" मोरॅगनं विचारलं. ती माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सहा वर्षं सगळं तिनंच केलं होतं.

"आत्ताच. नुसतं बसवत नाही मला."

"ते मला सांगतोस?"

तीन आठवडे गेले. नव्या बॉक्सचा गिअर टाकायचा दांडा जुन्यापेक्षा दोन बोटं मागे येत होता, म्हणून दोन सीटांमधला पत्रा कापून पुन्हा ठोकून बसवला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांब पडत होता. तो आखूड करायला द्यायचा, तर मी तीनदा माप घेतलं, आणि वर्कशॉपच्या निम्म्या वाटेवरून परत येऊन चौथ्यांदा घेतलं. जेवतानाही मी मधेच उठायचो.

"हेमिश, पाच मिनिटं बूड टेक," मोरॅग म्हणायची. "मटण गार होतंय."

"एक नट राहिलाय गं."

"तुझा एक नट कायमच राहिलेला असतो."

गाडी तयार झाली त्या शनिवारी सकाळी मी म्हटलं, "चल, डुनेडिनला जाऊन येऊ." तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि बसली.

हॅम्पडेन गाव मागे पडलं. रस्ता मोकळा होता. मी शंभर गाठले आणि पाचवा टाकला. इंजिनचा आवाज एकदम खाली बसला. उरला नुसता वारा.

"ऐकू येतंय का?" मी ओरडलो.

"येतंय. ओरडतोस कशाला?" मोरॅग म्हणाली. "बरं झालं. मला बोलायचंच होतं. मी चाललेय. टाउन्सव्हिलला राहायला, वीस तारखेला."

"तिथं कोण आहे तुझं?"

"कोणी नाही. ऊन आहे." ती समोर बघत होती. "आणि दुसरं. दर रविवारी तू यायचास आणि थेट शेडमध्ये शिरायचास. आई पडल्या पडल्या विचारायची, ठोकतंय कोण? मी म्हणायचे, हेमिश. ती म्हणायची, मग आत का येत नाही? काय सांगायचं रे मी तिला?"

माझा हात आपोआप दांड्यावर गेला. मी चौथा टाकला. इंजिन किंचाळलं. मोरॅगनं माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "पाचव्यात टाक!"

टाकला.

"तिला तसं बघवत नव्हतं मला," मी म्हणालो.

"आणि मला बघवत होतं?"

गाडी थांबवावी, बॉनेट उघडावं, काहीतरी ढिलं झालंय म्हणावं, असं सारखं वाटत होतं. पण काहीही ढिलं झालेलं नव्हतं.

पामर्स्टनला खिम्याची पेस्ट्री खायला थांबलो. मी उभ्या उभ्याच दोन घास घेतले आणि म्हणालो, "चुकलं माझं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. तोंड पुसून तिनं हात पुढे केला. "किल्ली दे. मी चालवते."

किलमॉगच्या चढावर तिनं चौथा, मग तिसरा टाकला. कुठं करकर नाही, धक्का नाही. "बॉक्स मात्र छान बसवलायस," ती म्हणाली. मी शेजारी बसून होतो. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

वीस तारखेला तिची बॅग मागच्या कॅरिअरला बांधून मीच तिला विमानतळावर सोडलं. वाटेत तिनं आईच्या शेवटच्या आठवड्याचं सगळं सांगितलं. अगदी कुठल्या कुशीवर झोपायची तेही. मी पाचव्यातच राहिलो. पुढचा ट्रक मागे टाकायला चौथ्यात यावं लागलं असतं, म्हणून तोही टाकला नाही.