पेज प्यालेला रुमाल

मित्रांनो, मी एक जुना क्रोशाचा रुमाल आहे. रुमाल म्हटलं की तुम्हाला खिशातला आठवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो की माझ्याने आजवर कोणी नाक पुसलेलं नाही. मी परातीएवढा गोल, पांढऱ्या दोऱ्याचा, कडेने पिंपळपानांची झालर असलेला, चारचौघांत अंथरायचा रुमाल आहे. सध्या मुक्काम कुरखेड्याला, सत्यशीलाबाईंच्या बैठकीत, भिंतीवर, काचेच्या आत. इथे माझं झकास चाललं आहे. पण या काचेत यायला मी किती घाबरलो होतो आणि आल्यावर जिवावर कसं बेतलं, तेही ऐका.

सत्यशीलाबाई नव्या नवरी म्हणून या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या पेटीत क्रोशाची एक सुई होती. शेतातल्या कामातून मोकळीक मिळाली की त्या ओसरीत बसून मला विणायच्या. साखळी, खांब, पुन्हा साखळी. नमुन्याचं पुस्तक वगैरे काही नव्हतं. विहारामागच्या पिंपळाचं एक पान मांडीवर ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत दोरा फिरवायचा, एवढंच.

त्यांच्या सासूबाई, बायनाबाई, यांना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता.

"दोऱ्याले गाठी मारत बसते दिवसभर," शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणायच्या. "यानं का पोट भरते?"

सत्यशीलाबाई खाली मान घालून हसायच्या. मी मात्र त्यांच्या मांडीवर होतो, मला सगळं दिसायचं. बायनाबाई तांदूळ पाखडता पाखडता चोरून माझ्याकडेच बघत असायच्या. शेवटचं पान उरलं, तेव्हा त्यांना राहवलं नाही. हात पदराला पुसून त्या जवळ आल्या.

"आण इकडं. मले दाखव, कसं करतेस ते."

धानाची रोवणी करून करून राठ झालेली ती बोटं. सुई घसरायची, दोरा गुंतायचा आणि शिव्या मला खाव्या लागायच्या. अखेर पान झालं, पण बाकीच्यांपेक्षा मोठं, एका बाजूला फुगलेलं आणि टोक भलतीकडेच वळलेलं. सत्यशीलाबाईंनी ते उसवलं नाही. बायनाबाई तर ते पान न्याहाळून म्हणाल्या, "माहं पान खऱ्या पानावानी आहे. तुह्ये सगळे सारखेच!"

मग माझे मानाचे दिवस सुरू झाले. बैठकीतल्या बुद्धमूर्तीखाली मला अंथरत. दर पौर्णिमेच्या आधी रिठ्याच्या पाण्यात माझी आंघोळ व्हायची आणि त्यानंतर मला भाताच्या पेजेत बुडवत. हा आमच्याकडचा खास थाट. धानाच्या मुलखात पेजेला काय तोटा? पेज पिऊन सावलीत वाळलो की मी असा कडक व्हायचो की माझी पानं हवेत उभी राहायची. आल्यागेल्याने "वा, काय कडक आहे!" म्हटलं की मी आणखीच ताठ व्हायचो.

पुढे बायनाबाई गेल्या. त्यांच्या लुगड्यांची गोधडी झाली, तीही विरून गेली. त्यांच्या हातचं म्हणावं असं घरात एकच उरलं, माझं ते वाकडं पान. पेजेतून काढल्यावर सत्यशीलाबाई सगळी पानं भराभर सरळ करायच्या, पण त्या एका पानाला बोटं लावून जरा वेळ बसून राहायच्या. त्यांचं सासूशी काय बोलणं चालायचं, ते मी कोणाला सांगणार नाही.

मग घरोघरी प्लास्टिकच्या जाळीचे रुमाल आले. सत्यशीलाबाईंचे यजमान देवाजी यांनी वरोऱ्याच्या बाजारातून एक आणला. त्याला पेज नको, रिठा नको, ओल्या फडक्याने पुसला की झालं. मी पेटीत गेलो. चार घड्या घालून, कडुनिंबाच्या पाल्यात. अंधाराचं मला फारसं वाटलं नाही, पण त्या घड्यांवर माझे दोरे हळूहळू कुजू लागले, त्याचं फार वाईट वाटलं.

त्यांची मुलगी रश्मी गडचिरोलीला नर्स आहे. सुट्टीत आली असताना तिने पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. घडीवर तुटलेले धागे बघून ती कळवळली.

"आई, याला फ्रेम करू आपण. असा ठेवला तर एक दिवस हातात चिंध्या येतील."

सत्यशीलाबाई एकदम म्हणाल्या, "नाई वं! काचेत माणूस मेल्यावर जाते."

ते ऐकून मी घाबरलो. कारण समोरच्या भिंतीवर ओळीने फोटो लावले होते, आणि काचेतल्या प्रत्येक माणसाला हार होता. पण रश्मी हटवादी. शेवटी आई तयार झाली. तयार झाली म्हणजे कशी, तर पाहुण्याला पाठवताना पोटभर जेवू घालावं, तशी तिने मला घट्ट पेज पाजली.

वडशाच्या गोपालभाऊंचं फोटो फ्रेमचं दुकान. त्यांच्या हातून सारी उमर फोटोच बसवले गेलेले, त्यामुळे त्यांनी मलाही फोटोसारखंच बसवलं. मागे पुठ्ठा, पुढे काच, मध्ये मी, चांगला दाबून. सवयीने वरच्या पट्टीला हारासाठी दोन बारीक खिळेही मारले. घरी आल्यावर देवाजींनी ते खिळे पाहिले आणि तेही सवयीने चंदनाचा हार घेऊन आले! रश्मी हसून हसून खाली बसली.

हसणं पावसाळ्यापर्यंत टिकलं. भिंतीला ओल आली, काच आतून घामेजली आणि माझ्या अंगातली पेज चिकचिकीत झाली. पेज म्हणजे शेवटी अन्नच. जेवायला कसरीचे किडे आले, बुरशी आली. वाकडं पान सगळ्यात मोठं, त्याने पेजही सगळ्यात जास्त प्यायलेली. सगळे तिथेच जमले. मला ओरडता येत असतं, तर कुरखेड्याचा बाजार गोळा केला असता.

सत्यशीलाबाई रोज सकाळी त्या पानाकडे बघत. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"रश्मे," त्यांनी फोनवर सांगितलं, "तुह्या आजीचं पान खाऊन राह्यलं वं कोणी."

रश्मी धावत आली. दोघी मला घेऊन गोपालभाऊंकडे गेल्या. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला आणि बघतात तर काय, वाकडं पान काचेला पक्कं चिकटलेलं! गोपालभाऊंनी हळूच ओढून पाहिलं. एक धागा तुटला. मला तो आवाज ऐकू आला आणि सत्यशीलाबाईंनाही.

"थांब भाऊ, ओढू नको!" त्या ओरडल्याच. त्यांनी काचेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "पेजच आहे ना ही? भाताच्या गंजाले पेज चिकटली तर आपण का खरडतो? भिजू घालतो. परात आहे का तुह्याकडं?"

शेजारच्या हॉटेलातून भलीमोठी परात आली. काचेसकट मला पाण्यात ठेवलं. वाट बघता बघता तिघांचा चहा झाला आणि चूक कोणाची यावरून भांडणही झालं, तेही उलटं.

"पेज म्या पाजली," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"काच म्या दाबली," गोपालभाऊ म्हणाले.

"आणि फ्रेमचा हट्ट कोणाचा होता?" रश्मी म्हणाली.

त्यांचं मिटायच्या आत पान काचेवरून आपसूक सुटलं आणि पाण्यावर तरंगू लागलं. सत्यशीलाबाईंनी ते ओंजळीत घेतलं. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांना इतकं आनंदात रडताना तेव्हाच पाहिलं.

पुढे सगळं सावकाश झालं. पेजेचा कणही उरेनासा होईपर्यंत मला पाणी बदलून बदलून धुतलं. पेज उतरली आणि मी पार लुळा पडलो. कुठे तो माझा ताठा! सावलीत वाळल्यावर मला धुतलेल्या मऊ सुती कापडावर अंथरलं. रश्मीने नागपूरच्या कोणा जाणत्या बाईंना फोनवर विचारून घेतलं होतं: चिकटवायचं नाही, शिवायचं. बारीक दोऱ्याने, सैल टाक्यांनी. ती सुईत दोरा ओवून द्यायची आणि आई टाका घालायची. तुटलेले धागेही तसेच आधाराला टेकवले. काच माझ्या अंगाला लागू नये म्हणून गोपालभाऊंनी मध्ये लाकडाची बारीक पट्टी बसवली.

माप घेताना मात्र ते अडले.

"काकू, हे एक पान बाहेर येते. मागं मोडून घेऊ का? मग कसा गोल बरोबर बसते."

"पान नाई मोडाचं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "चौकट मोठी कर."

म्हणून माझी चौकट एका अंगाला जरा जास्त रुंद आहे. मला फोटोंच्या भिंतीवर लावलं नाही. समोरच्या, ऊन न लागणाऱ्या कोरड्या भिंतीवर लावलं. देवाजींच्या हातात पुन्हा हार होता, पण सत्यशीलाबाईंनी नुसतं बघितलं आणि त्यांनी तो गुपचूप मागे नेला.

तेव्हापासून मी इथे मजेत आहे. पेजेची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण आता पानं टाक्यांवर निवांत टेकलेली असतात, ताठ उभं राहायची कटकट नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी कोणाच्या तरी हातची जाळी घडी होऊन पडली असेल. तिला बाहेर काढा. जपून धुवा, खळ राहू देऊ नका, सैल टाक्यांनी शिवा आणि काच तिच्या अंगाला लागू देऊ नका. तिला मारून मुटकून सरळ मात्र करू नका.

कालच धानोऱ्याहून पाहुण्या आल्या होत्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "छान आहे वं बाई. एवढं एक पान चुकलं वाटते तुमचं."

सत्यशीलाबाईंनी काचेवर, बरोबर त्या पानावर बोट ठेवलं.

"नाई. तेच तर खऱ्या पानावानी आहे," त्या म्हणाल्या. "माह्ये सगळे सारखेच."