बटणच्या डोक्यावरची काच

तीस वर्षं मी नाटकांना उजेड देतो आहे. पहाट, टळटळीत दुपार, तुरुंगातली खिडकी, काय हवं ते सांगा, पंधरा मिनिटांत टांगून देतो. त्यामुळे तळहातापेक्षा लहान कासवाला दोन दिवे लावायचे, एवढ्यासाठी कोणी मला शहाणपण शिकवावं हे सहन होण्यासारखं नव्हतं. दुकानदार बिचारा सांगायला लागला होता. "साहेब, हा पांढरा दिवा आहे ना, त्याच्या बाबतीत एक..." मी त्याला मध्येच तोडलं. म्हटलं, "भाऊ, तू कासवं विक. दिव्यांचं मी बघतो." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण ते आपल्यालाच लागू आहे हे माणसाला उशिरा कळतं.

कासव घेतलं ते मुलीसाठी. सरळच सांगतो, लाच म्हणून घेतलं. आम्ही नवरा-बायको वेगळे झालो तेव्हापासून खारू आईकडे असते आणि रविवारी दहा ते सहा माझ्याकडे. काहीही खायला दिलं की दोन्ही हातांत धरून कुरतडते, म्हणून खारू. नऊ वर्षांची आहे. सुरुवातीला हौसेने आली. मग एका रविवारी पोट दुखलं, पुढच्या रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस निघाला, त्याच्या पुढच्या रविवारी नुसताच फोन. तिचं तरी काय चुकलं? माझ्या दोन खोल्यांत तिने करावं काय, बापाचं तोंड बघत बसावं? तिच्या आईच्या घरमालकाला जनावरं चालत नाहीत, हे मला माहीत होतं. मी नेमका त्याचा फायदा घेतला.

डाव लागू पडला. पुढच्या रविवारी बाईसाहेब पावणेदहालाच दारात हजर. कासवाचं नाव तिनेच ठेवलं, बटण. आम्ही दोघांनी मिळून प्लायवूडचं खोकं केलं, वरून उघडं. एका टोकाला उबेचा बल्ब, त्याच्याखाली चपटा दगड; दुसरं टोक गार, तिथे लपायला उलटी कुंडी. मधोमध तो पांढरा दिवा. थर्मामीटर कुठे ठेवायचा यावर आमचं भांडणसुद्धा झालं. मी म्हणत होतो भिंतीला, ती म्हणाली, "बाबा, बटण भिंतीवर चालणार आहे का?" जमिनीवर ठेवला. दगडावर पस्तीस अंश, कुंडीपाशी चोवीस. तिने वहीत लिहून ठेवलं आणि खाली माझी सही घेतली.

फक्त एक झालं. बटण पानं खायला लागलं की खारू खोक्यात डोकंच घालायची. तिचे केस दिव्याला लागतील की काय असं वाटायचं. वीस वर्षांपूर्वी एका तालमीत माझा दिवा फुटला होता, आणि तापलेले तुकडे खाली उभ्या असलेल्या नटीच्या गालावर पडले. तो डाग अजून तिच्या गालावर आहे. तेव्हापासून माझा नियम आहे, जिवंत माणसाच्या डोक्यावर उघडा दिवा टांगायचा नाही, खाली काच हवीच. त्या रविवारी खारू गेल्या गेल्या मी दोन्ही दिव्यांखाली चौकट करून काच बसवली. आता फुटला तरी पोरीच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. दगडावरचं तापमान थोडं उतरलं, तर बल्ब चार बोटं खाली घेतला. पुन्हा पस्तीस. काम चोख.

तीन महिने एकही रविवार चुकला नाही. तिने बटणच्या पाठीवरच्या रेघा मोजल्या, त्याचं वजन केलं, त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. जेवताना ती शाळेतलं सांगायची, मी विचारल्याशिवाय. मला आणखी काही नको होतं.

मग एकदा ती म्हणाली, "बाबा, याची पाठ दाबली की आत जाते."

"लहान आहे अजून. टाळू कशी असते बाळाची, तसं."

हे मी कुठून काढलं कोण जाणे. पण ठामपणे सांगितलं, म्हणून तिला पटलं. पुढच्या दोन आठवड्यांत बटण पोट जमिनीला घासत चालायला लागलं, मग चालेनासं झालं, आणि पानाला तोंड लावूनही त्याला चावता येईना. तेव्हा कुठे मी त्याला डब्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी त्याला तळव्यावर घेऊन बोटाने पाठ दाबली. ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

"पांढरा दिवा लावता?"

"बारा तास. टायमरवर."

"किती उंचीवर?"

"फूटभर. दिवा नवाकोरा आहे."

त्यांनी जरा विचार केला. "मध्ये काही आहे का? काच, प्लास्टिक?"

"काच आहे ना," मी म्हटलं, आणि चक्क अभिमानाने म्हटलं. "चांगली जाड. रोज पुसतो, डाग म्हणून नाही तिच्यावर."

डॉक्टरीणबाईंनी बटणला टेबलावर ठेवलं. "त्या दिव्यातलं कासवाला जे लागतं ते डोळ्यांना दिसत नाही. अतिनील किरण. काचेतून उजेड जातो, ऊब जाते, ते किरण जात नाहीत. ते अंगावर पडले नाहीत तर खाल्लेलं काही हाडांना लागत नाही. तीन महिने हे पिल्लू अंधारात होतं म्हणा."

तीस वर्षं उजेडाचा धंदा केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी विचारलं, वाचेल का? त्यांनी इंजेक्शन दिलं, तोंडात घालायचे थेंब दिले आणि म्हणाल्या, "फार आशा ठेवू नका."

घरी येऊन मी बूटही न काढता काच उतरवली. वरातीमागून घोडं. थेंब दिले, दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या बशीत बसवलं. शुक्रवारी सकाळी बशीतच त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मी रडलो. पन्नाशीचा बाप्या, एका बशीसमोर बसून ढसाढसा रडलो. कासवासाठी रडलो, असं म्हणण्याची माझी छाती नाही.

शनिवारी दुकानात जाऊन आलो. तिथे तश्शीच दहा-बारा होती. पण रेघा वहीत मोजून ठेवणाऱ्या पोरीला कुठलं कासव फसवणार? हात हलवत परत आलो.

रविवारी ती आली. मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. किरण, हाडं, काच. ती रडेल, मला मारेल, वही फेकेल, सगळ्याची तयारी ठेवली होती. तिने यातलं काहीच केलं नाही.

"पण काच कशाला लावली होतीस?"

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. तुझ्यासाठी गं. तू सारखी खाली वाकायचीस म्हणून. मी एवढं बोललो असतो तर कदाचित तिने मला माफ केलं असतं. आणि जन्मभर तिला वाटलं असतं की आपण वाकलो म्हणून बटण मेलं. तीस वर्षांत मी पुष्कळ चुका दुसऱ्यांच्या माथी मारल्या आहेत. ही मारता आली नाही.

"सवय," मी म्हटलं. "कामातली सवय. विचारच नाही केला."

"दुकानवाल्या काकांना विचारायचं ना."

"हो. विचारायला हवं होतं."

तिने मान हलवली. मोठी माणसं हिशेब पटल्यावर हलवतात तशी. मग उठून बूट घालायला लागली. घड्याळात साडेदहा झाले होते.

"आईला फोन कर ना, न्यायला ये म्हणून. मी खाली थांबते."

"अगं, जेवून तरी जा. जेवण झालंय करून."

"नको."

मी फोन केला. तिच्या आईने विचारलं, तिला बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे, तू ये. मग मीही खाली गेलो आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो. तिने सरकून जागा दिली, पण जवळ आली नाही. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत होतो. पुढच्या रविवारी येशील का, असं विचारायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मिटलं. विचारलं असतं तर तिने खरं उत्तर दिलं असतं.