गाठोड्याच्या पावडरीची बरणी

मी एक जुनी पांढरी बरणी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर छापलेली हिरवी पानं आता अर्धी सोलून निघाली आहेत, पण 'नैसर्गिक' हा शब्द अजून ठळक वाचता येतो. त्या शब्दाचा मला एके काळी केवढा तोरा होता! आज कुणी तो मोठ्यानं वाचला, की मला ओशाळल्यासारखं होतं. का ते सांगते, पण मध्येच उठून जाऊ नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये यंत्रानं हवा भरली आणि आम्ही शेकडो बहिणी एका दिवसात तयार झालो. मग आमच्या पोटात पावडर भरली. तिच्यात हळद होती, शल्लकीच्या झाडाचा डिंक होता आणि शिंपल्यांची भुकटी होती. वर एक इवलासा चमचा टाकला. लेबलावर लिहिलं होतं, 'म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांच्या सांध्यांसाठी'. त्याखाली आणखी एक ओळ होती, 'जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे'. ही ओळ इतकी बारीक, की मुंगीलासुद्धा चष्मा लागावा.

मला विकत घेतलं ते एका शिंप्याच्या घरानं. खाली शिवणकामाचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या आणि मध्ये सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना. दुकान पूर्वी सूनबाईंचे सासरे चालवायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. म्हणून आता कापणं, शिवणं, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं, सगळं सूनबाई बघायच्या. मास्तर काजं-बटणं करत बसायचे आणि सूनबाईंच्या कापण्यात खोड्या काढायचे.

आणि होतं गाठोडं. गाठोडं म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा तांबूस कुत्रा. मशीनखाली असं अंग मुडपून झोपायचं, की एका बाईंनी आपलं कापडाचं बोचकं समजून त्याला उचलायला हात घातला होता. तेव्हापासून हेच नाव पडलं. मावशी नावाची एक मांजरही होती. ती कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांवर हुकूम चालवायची.

बारा वर्षं गाठोडं वरच्या खोलीत मास्तरांच्या पायाशी झोपलं. पण आता चौथ्या पायरीवर त्याचे मागचे पाय थरथरायचे. ते परत खाली यायचं आणि जिन्याकडे तोंड करून कुंई कुंई करत बसायचं. मास्तरांना ते वर ऐकू यायचं.

"बाबा, त्याला आता खालीच झोपू द्या," सूनबाई म्हणाल्या.

"आज त्याला खाली ठेवाल, उद्या मला ठेवाल."

"काहीतरीच काय बोलता, बाबा!"

त्या हसल्या, पण मास्तर हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सूनबाई मला घेऊन आल्या. रोज सकाळी एक चमचा गाठोड्याच्या वाडग्यात पडू लागला. चमच्याला लागलेली पावडर चाटायला मावशी शेपटी ताठ करून हजर.

माझं काम मुळातच सावकाशीचं. दोन महिन्यांत गाठोड्याचं उठताना कण्हणं कमी झालं. तेवढंच. जिना काही जमेना. मास्तर मला हातात घेऊन म्हणायचे, "नुसती पानं काढलीत अंगावर. दम नाही हिच्यात." मित्रांनो, मला ते फार लागायचं.

मग ती दुपार आली. सूनबाई शिवलेले पडदे पोचवायला गेल्या होत्या. मास्तरांनी मला फळीवरून खाली काढलं. माझ्यात किती चमचे उरलेत ते मोजलं. तीस होते. खिशातून त्यांनी आपल्या गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. मास्तर साठ किलोंचे, गाठोडं वीस किलोंचं. म्हणजे एका दिवसाला गोळीचा तिसरा हिस्सा. तीस दिवसांना दहा गोळ्या. "मोठ्याचा सदरा लहानाला बसवायचा, तर काय करायचं? मापात कापायचा," ते गाठोड्याला म्हणाले. गाठोड्यानं शेपूट हलवली. त्यानं बिचाऱ्यानं मास्तरांच्या कुठल्या बोलण्याला नाही म्हटलं होतं?

दहा गोळ्या कागदात गुंडाळून मास्तरांनी गार इस्त्रीखाली भरडल्या. माझ्या पोटात ओतल्या आणि चमच्यानं वरखाली केल्या. माझ्या पिवळ्या पावडरीत पांढरे कण दिसू लागले. मी ओरडू कशी? मी पडले बरणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं चमचा हुंगला आणि तोंड फिरवलं. "नखरे बघा हिचे!" सूनबाई म्हणाल्या. त्यापुढे कुणी विचारच केला नाही.

तिसऱ्या दिवशी गाठोडं सतरा पायऱ्या चढलं. एका दमात! मास्तर पलंगावर बसून लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. सूनबाईंनी मला चक्क डोळ्यांना लावलं. शेजारचा इस्त्रीवाला आला, माझं नाव कागदावर उतरवून घेऊन गेला. मास्तर शपथेवर सांगत होते, "नैसर्गिक आहे हो, अपाय कसला!" खोटं नाही सांगत, मी त्या कौतुकानं फुगले. आपलं श्रेय नाही हे ठाऊक असूनही फुगले. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या आठवड्यात गाठोड्यानं वाडगं अर्धं टाकलं. मग त्याला उलट्या होऊ लागल्या. पाठ कमानीसारखी करून ते मशीनखाली पडून राहू लागलं. एका सकाळी त्याची विष्ठा डांबरासारखी काळी झाली. सूनबाईंनी दुकान बंद केलं, गाठोड्याला चादरीत घेतलं आणि मास्तरांसह जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली. मला पिशवीत टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं. हिरड्या पाहिल्या, त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "काय काय देता याला?"

"रोजचं खाणं आणि ही पावडर. नैसर्गिक आहे," सूनबाईंनी मला पुढे केलं.

"दुखण्याची गोळी वगैरे? आजोबा, तुम्ही काही दिलंत?"

मास्तर गळ्यातल्या मापाच्या टेपशी चाळा करत होते. "छे," ते म्हणाले.

"नीट आठवा. काय पोटात गेलंय ते कळलं तर नेमका इलाज करता येतो. नाहीतर मी नुसती चाचपडत राहीन."

मास्तर टेप बोटाला गुंडाळत राहिले. मी टेबलावर त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. जीव तोडून मनात म्हणत होते, मास्तर, बोला हो, आता तरी बोला! पण त्यांची मान वर झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं, बाहेरचं औषध-पाणी सगळं बंद करायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

दुपारी घरी आल्यावर सूनबाईंनी कोमट पाणी वाडग्यात घेतलं. "बाहेरचं बंद म्हणाल्या त्या. पण हे काय औषध थोडंच आहे? हिच्यामुळेच तर जिना चढला तो. आज दोन चमचे देते, अंगात ताकद येईल." माझं झाकण फिरलं. पहिला चमचा पाण्यात पडला. तळाशी बसलेले कण आता चमच्यात यायला लागले होते. दुसरा चमचा पहिल्याहून पांढरा होता. सूनबाईंनी गाठोड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाडगं त्याच्या तोंडाशी नेलं.

"थांब!"

मास्तर असे उठले, की स्टूल मागे आडवं झालं. "देऊ नको त्याला. त्यात माझ्या गोळ्या आहेत."

"कुठल्या गोळ्या?"

"गुडघ्याच्या. भरडून घातल्यात. मीच."

सूनबाईंच्या हातातलं वाडगं तसंच राहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, त्यांनी दोनदा विचारलं होतं हो."

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "त्याला खाली ठेवायचं नव्हतं गं मला."

त्याच पावली मला घेऊन सगळे परत दवाखान्यात गेले. या वेळी गोळ्यांचं रिकामं पाकीट मास्तरांनी स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं आणि लगेच औषधं बदलली. मग म्हणाल्या, "आजोबा, कुत्रा म्हणजे लहान मापाचा माणूस नव्हे. तुमचं दुखणं थांबवणारी गोळी त्याच्या पोटात जखमा करते, मूत्रपिंडं खराब करते. मांजरीनं खाल्लं असतं तर कदाचित ती माझ्यापर्यंत पोचलीही नसती. आणि हो, पावडरसुद्धा मला विचारून द्यायची."

सहा दिवस गाठोडं सलाईनवर होतं. सहा दिवस मास्तर तिथल्या बाकावर बसून होते. गुडघे सुजले, पण त्यांनी गोळी घेतली नाही. शेवटी सूनबाईंनी दटावून घ्यायला लावली.

गाठोडं वाचलं. पण पहिल्यासारखं नाही. त्याचं खाणं वेगळं झालं, औषधं कायमची मागे लागली आणि जिना कायमचा सुटला. घरी आलं त्या संध्याकाळी ते पहिल्या पायरीशी बसलं आणि वर बघून कुंई कुंई करू लागलं.

वर मास्तर उठले. भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, सतरा पायऱ्या उतरून खाली आले. "सूनबाई, माझी गादी खाली टाक," ते म्हणाले. इस्त्रीवाल्यानं पलंग उतरवला, कापायच्या टेबलाशेजारी लावला. गाठोड्यानं मास्तरांच्या पावलावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

मला धुऊन पुसून सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं आहे. आता माझ्या पोटात मास्तरांच्या गोळ्या असतात. सूनबाईंनी माझ्यावर कापडाची पट्टी चिकटवून लिहिलं आहे, 'फक्त माणसांसाठी'. पट्टीखालून 'नैसर्गिक' अजून डोकावतं. मास्तर गोळी काढताना दर वेळी माझं झाकण घट्ट लागलंय ना, ते दोनदा बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरातलं जनावर म्हातारं होईल, लंगडेल, तेव्हा तुमचाही जीव तुटेल. तेव्हा माझ्यासारख्या बरणीच्या लेबलावर भुलू नका आणि आपल्या औषधांना हात घालू नका. आणि चुकलंच काही, तर पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगा. गाठोड्याला सांगता येत नव्हतं. मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.