मास्तरांची टेप आणि मी

मी टेस्ट ड्राइव्हची गाडी बोलतेय. विजेवर चालणारी, अंगानं मध्यम, उंचीला जरा जास्त. शोरूममधले लोक माझ्या जातीला क्रॉसओव्हर म्हणतात. म्हणजे तोरा मोठ्या गाडीचा आणि जागा व्यापायची छोटीएवढी.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. यंत्रांनी जोडलं, रंग दिला, तपासलं. शेवटी एका बाईंनी माझी चारही दारं उघडून-मिटून पाहिली आणि पुढचं डावं दार उगाच आणखी एकदा मिटलं. त्यांना आवाज आवडला असावा. पुढे बरेच दिवस मी तेवढ्यावरच खूश होते.

माझ्याबरोबर ट्रकवर चढलेल्या सगळ्या बहिणी कुणाकुणाच्या घरी गेल्या. मला मात्र दोन्ही बाजूंना मोठं स्टिकर चिकटवून शोरूमच्या दारात उभं केलं. दीड वर्षात शेकडो लोकांनी मला चालवलं आणि एकाही घरानं मला आपलं म्हटलं नाही.

माणसं मोठी गमतीची असतात. दहा मिनिटं चालवायचं असतं, तरी आरसे असे लावून घेतात की जणू जन्मभर इथंच बसायचंय. टायरला लाथ मारतात. त्यातून काय कळतं, ते मला आजवर कळलेलं नाही. एक गृहस्थ बॉनेट उघडून बराच वेळ इंजिन शोधत होते. मी सुरू झाले तरी आवाज येत नाही, म्हणून प्रत्येक जण विचारतो, “झाली का चालू?” आणि पुढचा प्रश्न ठरलेला, “एका चार्जमध्ये किती जाते?” विचारणारा असतो दोन चौक पलीकडे राहणारा आणि चार चौक पलीकडे नोकरी करणारा. मग सगळे “कळवतो” म्हणून जातात. तो शब्द ऐकला की मी समजायचे, हेही परत येणार नाहीत.

त्यात माझी शेजारीण. तीही विजेचीच, पण लांब, बसकी, काळीभोर. तिच्या पुढ्यात भिंतीएवढा पडदा. एका चार्जमध्ये ती पाचशे किलोमीटर जाते, मी तीनशे. लोक आत आले की आधी तिच्याकडे वळायचे. मी मनातल्या मनात नाक मुरडायचे.

एका सकाळी तिघं आले. गळ्यात टेप घातलेले एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि सून. म्हाताऱ्यांना मुलगा ‘बाबा’ म्हणत होता, पण सेल्समन त्यांना बघताच म्हणाला, “मास्तर, तुम्ही? माझ्या वडिलांचा कोट तुमच्याकडचाच.” मास्तर शिंपी होते. टेप घरीच काढून ठेवायची राहिली असावी असं मला वाटलं. नंतर कळलं, ती ते झोपतानाच काढतात.

मुलाकडे तक्ता होता. दोन रकाने, एक शेजारणीचा, एक माझा. पल्ला, वेग, पडदा, सामानाची जागा. जिथे बघावं तिथे शेजारीण पुढे. मुलाचं मन तिच्यावर बसलंच होतं.

सुनेनं दोघींनाही चालवून पाहिलं. दुकान तीच बघते, आणि कपडे पोचवायला, फिटिंग करायला रोज शहरभर हिंडते. तिनं मला एका बोळात घातलं, तिथे एक टेम्पो अर्धा रस्ता अडवून उभा. एका दमात वळवून तिनं मला बाहेर काढलं. पेडलवरून पाय उचलला की मी आपोआप मंदावते, हे तिला तिसऱ्या सिग्नललाच जमलं. “शेजारच्या गाडीला इथे तीनदा मागे-पुढे करावं लागलं,” ती म्हणाली.

“पण पल्ला बघ ना,” मुलगा मागून म्हणाला. “समजा चारशे किलोमीटर जायचं झालं.”

“अहो, गेल्या पाच वर्षांत कधी गेलो?”

मुलगा तक्त्यात बघत राहिला. त्यात हा रकाना नव्हता.

मग बोलण्याबोलण्यातून मला सगळं कळलं. सहा महिन्यांपूर्वी मास्तरांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घर शहराच्या एका टोकाला, दुकान दुसऱ्या. घरची जुनी गाडी बसकी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुकानात गेले, तेव्हा दोघांनी काखेत हात घालून त्यांना गाडीतून ओढून काढलं, तेही भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर. त्या दिवसापासून मास्तर दुकानात गेले नाहीत. घरीच ओळखीच्यांची मापं घेतात, चिठ्ठीवर लिहून पाठवतात, आणि दिवसभर खिडकीत बसतात. आपल्या पायांनी चढता-उतरता आलं तरच दुकान, नाहीतर दुकानाला कायमचा नमस्कार, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. नवी गाडी खरं तर त्याचसाठी घ्यायची होती. तक्ता भरताना मुलगा तेवढंच विसरला होता.

शोरूममध्ये परतल्यावर मुलगा मोठ्या कौतुकानं मास्तरांना शेजारणीकडे घेऊन गेला. मास्तर बसले ते खोल बुडाले. उठताना तीनदा जोर केला. शेवटी मुलानं एक काख धरली, सेल्समननं दुसरी. बाहेर आल्यावर मास्तर कुणाकडेही न बघता स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

“तुम्हाला हवी ती घ्या,” ते म्हणाले. “मी आपला घरीच बरा.”

मला शेजारणीचा कितीही हेवा असला, तरी त्या क्षणी तिला हरवावंसं वाटलं नाही. त्या माणसाचं वाईट वाटलं. सुनेनं माझं दार उघडलं. “बाबा, एकदा हिच्यात.”

मास्तर नाइलाजानं आले. माझ्याकडे पाठ करून टेकले आणि थबकले. खाली जावंच लागलं नाही. आधी बसले, मग एकेक पाय आत घेतला. मग बाहेर. पुन्हा आत. चौथ्या वेळी सेल्समन मदतीला पुढे झाला, तर मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला. गळ्यातली टेप काढून त्यांनी जमिनीपासून माझ्या सीटपर्यंत माप घेतलं.

“पंचवीस,” ते म्हणाले. “माझ्या दुकानातल्या स्टुलाएवढी.”

माझी छाती अशी फुगली म्हणता! पण मुलाच्या कपाळावर आठ्या होत्या. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगच्या तोंडावर एक आडवी तुळई आहे, तिच्याखालून सगळे मान वाकवून जातात. चार्जिंगचा प्लग आत, त्यामुळे गाडी रस्त्यावर ठेवून भागणार नव्हतं. तुळईची उंची आदल्या दिवशी खुद्द मास्तरांनी मोजली होती. सहासष्ट इंच. आणि माझी उंची पुस्तकात छापलेली, साडेसहासष्ट.

“अर्ध्या इंचानं हुकतंय,” मुलगा म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता.

ज्या उंचीमुळे मास्तर मला टेकले, तीच आडवी आली. स्टिकरसकट मी दारात उभी होते आणि मला पुन्हा तो ‘कळवतो’ ऐकू येऊ लागला.

मास्तरांनी मात्र छापलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. गिऱ्हाईक म्हणतं कंबर बत्तीस, निघते छत्तीस. सुनेला टेपचं एक टोक माझ्या टपावर धरायला लावून त्यांनी मला खालपर्यंत मोजलं.

“पासष्ट,” ते म्हणाले. “तुमचं पुस्तक चुकलंय.”

सेल्समनला ते लागलं. तो आतून स्टीलची टेप घेऊन आला. तिनं मी भरले साडेसहासष्ट.

“मग तुमची टेप चुकलीय,” मास्तर शांतपणे म्हणाले.

सुनेनं दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. मास्तरांच्या टेपचा साठचा आकडा स्टीलच्या एकसष्टच्याही पुढे जात होता. वर्षानुवर्षं ओढून ओढून कापडी टेप लांबली होती. सून एकदम खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“बाबा, गेले सहा महिने सगळे कपडे घट्ट होतायत. तुम्ही घरी माप घेता या टेपनं, मी दुकानात कापते नव्या टेपनं. मला वाटलं, माझा हात बिघडला. रात्ररात्र झोप नाही मला.”

“आणि मी म्हणत होतो, सगळं गाव जाड झालं,” मास्तर पुटपुटले. पण त्यांचा चेहरा पडला होता. “म्हणजे एवढी वर्षं मी चुकीचं मोजत आलो?”

“तुमचं कुठे चुकलं?” सून म्हणाली. “माप याच टेपनं, कापडही याच टेपनं कापायचात. म्हणून तर कोट अंगाला बसत होते.”

मास्तरांनी टेप हातात घेतली. दोनदा गुंडाळली, उलगडली. मग मान वर केली. “तुळई कुठल्या टेपनं मोजली मी?”

“याच टेपनं,” मुलगा म्हणाला.

“आणि ही गाडी?”

“तीही याच टेपनं.”

“तुळई सहासष्ट. गाडी पासष्ट,” मास्तर म्हणाले. “एक इंच राखून जाते. आणा किल्ली.”

तासाभरात आम्ही त्यांच्या इमारतीपाशी होतो. सून चालवत होती, मास्तर तिच्या शेजारी. मुलगा तुळईजवळ उभा राहून हातवारे करत होता. तोंडाशी आल्यावर आतल्या दोघांनी माना खाली घातल्या, आणि खोटं कशाला बोलू, जमलं असतं तर मीही घातली असती. टप आणि तुळई यांच्यामध्ये अंगठ्याएवढी फट राहिली. मी सरळ आत गेले. पलीकडे उभ्या असलेल्या वॉचमननं टाळ्या वाजवल्या. तो कशासाठी वाजवतोय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

परत शोरूममध्ये आल्यावर सेल्समन म्हणाला, “नवी कोरी महिनाभरात देतो.”

“हीच द्या,” मास्तर म्हणाले. “माप हिचं घेतलंय.”

त्याच दुपारी माझ्या अंगावरचं स्टिकर निघालं. ते सोलताना जो आवाज झाला, तसा गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. शेजारणीकडे मी एकदाच पाहिलं आणि मनापासून तिला चांगलं घर चिंतलं. तिलाही कुणीतरी असेल, रोज दोनशे किलोमीटर जाणारं.

आता मी रोज तीस-पस्तीस किलोमीटर फिरते. आठवड्यातून दोनदा प्लगला लागते. मागच्या सीटवर कपड्यांच्या पिशव्या असतात, टपावर कबुतरं बसतात, आणि मी सुखात आहे. तुम्ही गाडी निवडायला याल, तेव्हा तक्ता जरूर भरा. पण त्याआधी घरातल्या ज्या माणसाला उठाय-बसायला सगळ्यात त्रास होतो, त्याला बरोबर आणा आणि पहिल्यांदा त्यालाच बसवा. एवढंच मागणं आहे माझं.

मास्तर दुकानात परतले, तो पहिला दिवस तेवढा सांगते. मी दारात थांबले. मुलगा पलीकडून धावत आला आणि दार उघडून त्यानं हात पुढे केला. मास्तरांनी त्या हातात जेवणाचा डबा दिला. मग एक पाय खाली, दुसरा पाय खाली, आणि उठून उभे. शर्ट नीट केला आणि तीन पायऱ्या चढून आत गेले. त्यांना बघून कारागिरांनी आतली सगळी शिलाई मशीनं थांबवली होती.

“बंद का केलीत?” मास्तरांचा आवाज बाहेरपर्यंत आला. “मी कामावर आलोय. पाहुणा नाही.”

मशीनं पुन्हा सुरू झाली.