पडदा नसलेली खिडकी

हिल्का स्वतःच्या घरात राहत नाही, हे त्या रविवारी दहा जणांसमोर जाहीर झालं. तेही तिच्याच खिडकीसमोर.

मैत्रीण योरिंदे पाहुणी आली, म्हणून दोघी दहा पर्यटकांच्या घोळक्यात, गाईडच्या उंच धरलेल्या छत्रीमागून हिल्काचंच गाव, हॉलंडमधलं डेल्फ्ट, बघत हिंडत होत्या. नवरा गेल्यापासून हिल्काला कशाचंच काही वाटत नव्हतं.

“इथे कुणी पडदे लावत नाही,” गाईड एका खिडकीशी थांबला. “बिनधास्त बघा.”

सगळ्यांनी नाकं काचेला लावली. आत एक खुर्ची, एक कप.

“अगं बये, हे तुझंच घर!” योरिंदे हिल्काच्या कानात कुजबुजली.

“गप गं. बघू दे.”

“इथे कुणी राहत नसावं,” गाईड म्हणाला.

हिल्कानं मान डोलावली, फोटो काढला. सोमवारी तिनं नगरपालिकेला अर्ज धाडला: ‘सदर घरात मी राहते किंवा कसे, याची खिडकीतून पाहणी करून लेखी दाखला मिळावा, ही विनंती.’