झाडूंच्या खोलीकडे दाखवणारा बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. धनुष्यावरचा नव्हे, त्या बाणांना निदान वर्मी लागण्याचे सुख तरी मिळते. मी एका विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने काढलेला बाण आहे. माझ्या डोक्यावर 'चौकशी' अशी ठसठशीत अक्षरे आहेत.

मला रंगवणारा पेंटर कामाचा पक्का होता. अक्षरे त्याने भराभर उरकली. माझ्यासाठी मात्र फूटपट्टी मागवली. "अक्षर वाकडं आलं तर लोक हसतील, बाण वाकडा आला तर लोक चुकतील," असे तो शिपायाला म्हणाला. असे संस्कार झालेला मी. पहिली अकरा वर्षे मी माणसांना उजवीकडच्या खिडकीपाशी इमानाने पोहोचवले. कुलगुरू एकदा जाता जाता "फलक छान आहे" म्हणाले होते. त्या वेळी ते दुसऱ्याच फलकाकडे बघत होते, पण स्तुती पदरात पडली की मी फार चिकित्सा करत नाही.

मग चौकशीची खिडकी मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हलली. टेबले गेली, कपाटे गेली, कपाटांवरची धूळसुद्धा जपून नेली. मी तेवढा राहिलो. रिकाम्या खोलीत झाडू, बादल्या आणि फिनेलचे डबे आले. तेव्हापासून आठ वर्षे मी छातीठोकपणे झाडूंकडे दाखवतो आहे.

इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसे आले नाही? सांगतो, आणि ऐकून तुम्हीही थोडे संतापा. फलक वाचतो कोण? ज्याला वाट ठाऊक नाही तो. ज्याला ठाऊक आहे तो वर मान करत नाही, आणि फलक बदलण्याचा अधिकार नेमका त्याच्याकडेच असतो! पहिल्या वर्षाच्या मुलांचे बरे असते. त्यांच्यासाठी भाषणे, फुगे, इमारती दाखवत फिरणारे दादा आणि ताया. पण आईची बदली झाली, आधीच्या ठिकाणचा विभाग बंद पडला, म्हणून मधल्याच वर्षाला दुसऱ्या विद्यापीठातून आलेली मुले? ती स्वागताला गेली की "तुम्ही तर दुसऱ्या वर्षाचे," आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेली की "तुम्ही कोण?" अख्ख्या विद्यापीठाने त्यांच्या स्वागताला एकट्या मला नेमले, आणि मलाही खोटे बोलायला लावले.

तरी निभावले, ते सफाईकाम करणाऱ्या मावशींमुळे. झाडूंची खोली त्यांच्या ताब्यात. दार वाजले की त्या बादली घेऊनच बाहेर येत. "चौकशी ना? मागची इमारत, तिसरा मजला. फोटो दोन लागतात, आणलेत का? आणि तोंड का उतरलंय? इथले लोक वाईट नाहीत रे, नुसते बसलेले आहेत." विद्यापीठाचे मदत केंद्र म्हणायचे तर एवढेच.

एका शुक्रवारी मावशींच्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. खोलीला कुलूप. नेमकी त्याच दिवशी तीन वाजता एक मुलगी आली. तिच्या हातात विषय-जुळणीचा अर्ज होता. आधीच्या विद्यापीठात पास झालेले विषय इथे धरले जावेत, म्हणून तो चौकशीच्या खिडकीवर संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा होता. नाही दिला, तर तेच वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

तिने मला वाचले, कुलूप पाहिले आणि शहाण्यासारखी पायरीवर बसली. थोड्या वेळाने फोनवर म्हणाली, "नाही गं आई, जेवायला गेले असतील. काळजी नको, रांगेत पहिली मीच आहे!"

मित्रांनो, पत्र्याला घाम फुटत नाही, नाहीतर त्या दिवशी माझा रंग ओघळला असता.

पावणेपाचला एक प्राध्यापक तिथून गेले. "इथे काय करतेस? ही झाडूंची खोली आहे." ती पळत सुटली. मागची इमारत नक्की कुठली, हे विचारण्यातच दहा मिनिटे गेली, आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले. सव्वापाचला ती परत आली ती खिडकीवरच्या कारकुनाच्या मागोमाग. पाचच्या ठोक्याला खिडकी लावणाऱ्या या गृहस्थांना सारे घड्याळकाका म्हणत.

"काका, मी तीनपासून आलेय."

"कुठे? मला दिसली नाहीस ती."

"इथे. हा फलक बघून."

"फलक बघून कोण येतं? कुणाला तरी विचारायचं!"

"कुणाला विचारू, काका? इथे मी कुणालाच ओळखत नाही. तुम्हीच एकदा नवे होऊन बघा ना."

घड्याळकाका चिडले. मग थांबले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून मला वाचले. बाणाच्या दिशेने चालत गेले, कुलूप हलवले, फटीतून आत डोकावले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"आण तो अर्ज."

तिथल्याच जुन्या, बंद खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून त्यांनी पावतीची सही केली आणि खाली शेरा मारला: 'अर्जदार वेळेत हजर. कार्यालय गैरहजर.'

सोमवारी मावशींना सारे कळले. "एक दिवस आले नाही, तर एवढं मोठं विद्यापीठ कोलमडलं होय!" असे म्हणून त्यांनी पदराने माझी धूळ पुसली. मला बदलण्यासाठी घड्याळकाकांनी अर्ज केला आहे. तो सध्या तिसऱ्या मजल्यावर विचाराधीन आहे. तोवर ती मुलगी तास संपला की माझ्याखाली येऊन उभी राहते. हातात कागद घेऊन कुणी वर पाहिले, की पुढे होते.

"बदलून आलास ना? चल, मी येते. मीही नवीनच आहे."

मित्रांनो, तुम्हाला वाट ठाऊक झाली असेल तर माझ्याकडे एकदा मान वर करून बघा, आणि चुकीचा असेन तर मला खाली उतरवा. भंगारात जायला माझी ना नाही. पण जोवर भिंतीवर आहे, तोवर माझ्यावर विश्वास ठेवून कुणी कुलपासमोर बसू नये. रांगेत पहिले म्हणून तर नाहीच नाही.